‘हवं ते काढा’ म्हटलं आणि वर्ग गप्प बसला

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका कलाशिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून सारांश देतो.

नोकरीला चार वर्षं झाली. शाळा खाजगी अनुदानित. पाचवी ते आठवीचे वर्ग, एकेका वर्गात साठ मुलं, आठवड्याला दोन तासिका. आपण फळ्यावर चित्र काढायचं आणि साठ जणांनी ते वहीत उतरवायचं, याचा त्यांना वीट आला. परदेशातल्या कलावर्गांचे काही व्हिडिओ पाहण्यात आले. तिथलं प्रत्येक मूल आपल्या मनाचं काहीतरी करत होतं. म्हणून जूनमध्ये सहावीच्या वर्गाला त्यांनी सांगून टाकलं, ‘आजपासून तुम्हाला हवं ते काढा.’ पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांत निम्मा वर्ग ‘मॅडम, काय काढू?’ म्हणत टेबलाभोवती जमू लागला. उरलेल्यांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि नारळाचं झाड काढलं. काही जण घरी मोबाइलवर पाहिलेलं कार्टून घोटून आले. ‘ज्यांच्याकडे रंग नव्हते त्यांनी पेन्सिलीवरच भागवलं’, असंही एक वाक्य पत्रात आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने सलग तीन तास पान नुसतं काळं केलं, त्याची त्यांना काळजी वाटते. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, ‘हा तास आहे का बाजार?’ आणि एका पालकाने विचारलं, ‘अशानं ग्रेड परीक्षेचं कसं व्हायचं?’ शेवटी त्या लिहितात: ‘मुलांना स्वातंत्र्य द्यावं की चित्रकला शिकवावी? दोन्ही एकदम होत नाही असं आता वाटू लागलं आहे.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. तुमच्यावर नाही, स्वतःवर. मी परभणी जिल्ह्यात नोकरीला लागलो त्या वर्षी सातवीच्या वर्गाला असाच ‘मोकळा तास’ दिला होता. निम्म्या पोरांनी माझंच चित्र काढलं, तेव्हापासूनच मागे सरकत चाललेल्या केसांसकट. पुढच्या आठवड्यात मी गुपचूप फळ्यावर कमळ काढलं आणि ‘हे उतरवा’ म्हणून मोकळा झालो. पुढची सहा-सात वर्षं कमळच चाललं. तुम्ही पंधरा दिवस तग धरलात आणि कमळाकडे न वळता पत्र लिहिलंत, म्हणजे माझ्यापेक्षा बऱ्याच पुढे आहात.

आता ‘काय काढू?’ या प्रश्नाकडे बघू. तुम्ही त्याचा अर्थ ‘पोरांना सुचत नाही’ असा लावला आहे. मला तो तसा ऐकू येत नाही. पहिलीपासून त्या मुलाला एकच गोष्ट कळलेली आहे: फळ्यावरच्यासारखं जमलं की सही मिळते, रंग रेषेबाहेर गेला की बोलणी बसतात. पाच वर्षं हे झाल्यावर एका सोमवारी मॅडम म्हणतात, हवं ते काढा. मूल चतुर असतं. ते मनात म्हणतं, यात काहीतरी मेख आहे, ‘हवं ते’ म्हणजे मॅडमला हवं ते, आणि ते काय हे आपण ओळखायचं आहे. तुमच्या टेबलाभोवती जमलेली मुलं कल्पना मागायला आलेली नाहीत. बरोबर उत्तर काय, याचा अंदाज घ्यायला आलेली आहेत.

दोन डोंगरांचंही तेच. लातूरकडचं मूल ते काढतं तेव्हा मला नेहमी गंमत वाटते. तुमच्याकडे डोंगर आहेत की, बालाघाटाची रांग आहे. पण ती त्रिकोणी कुठे आहे? माथा सपाट, कुणी सुरीने कापल्यासारखा. नारळ मुलाने पाहिला असेल तो देवळात फोडताना. तरी डोंगर त्रिकोणीच निघतात आणि नदीकाठी नारळ उगवतोच, कारण त्या चित्राला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. ते चालणारं नाणं आहे. घाबरलेलं मूल खिशातलं चालणारं नाणंच काढणार. त्याबद्दल त्याला रागवू नका, आणि ‘हे चित्र बंद’ असा फतवा तर मुळीच काढू नका. भीती कमी झाली की डोंगर आपोआप विरळ होतात. एखाद-दुसरा राहील, राहू द्या.

पण पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी थांबलो ते वेगळंच आहे. ‘ज्यांच्याकडे रंग नव्हते त्यांनी पेन्सिलीवरच भागवलं.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. मला वाटतं, तुमच्या अडचणीचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

असं करून बघा. पुढच्या तासाला चित्रं बाजूला ठेवा आणि फक्त दप्तरातले रंग बघत बाकांमधून एक चक्कर मारा. तीन-चार मुलांकडे चोवीस कांड्यांची नवी पेटी दिसेल, आईने नाव घातलेली. पंधरा-वीस जणांकडे बारा कांड्यांची, मोठ्या बहिणीची, तिच्यातही पांढरी तेवढी अख्खी आणि काळ्या-निळ्याचं नखाएवढं थोटूक. उरलेल्यांकडे काही नाही. ते शेजाऱ्याचं तोंड बघत बसतात आणि शेजारी हाताचं कुंपण करून बसतो: ‘माझे रंग संपायलेत, देणार नाही.’ आता या वर्गाला आपण म्हणतो, हवं ते काढा. निवड करायला समोर दोन वस्तू तरी लागतात. ज्याच्याकडे एक पेन्सिल आहे त्याला आपण काहीच निवडायला दिलेलं नाही. वर ‘तुला मोकळीक दिली होती, तूच काही केलं नाहीस’ एवढा ठपका मात्र त्याच्या माथी येतो.

म्हणून विषयाचं स्वातंत्र्य नंतर, आधी साहित्य सामाईक करा. मी काय करायचो ते सांगतो. बिस्किटांचे, मिठाईचे पत्र्याचे डबे गोळा करायचे आणि पेट्या मोडून सगळ्या कांड्या त्यांत टाकायच्या, पण मालकानुसार नाही, रंगानुसार. लाल डबा, पिवळा डबा, निळा, हिरवा, तपकिरी, काळा. ज्याला जमेल त्याने वर्षाच्या सुरुवातीला दोन कांड्या आणायच्या, ज्याला जमणार नाही त्याने जुनी लग्नपत्रिका किंवा सुतळीचा तुकडा आणायचा. एकदा कांडी डब्यात पडली की ती कुणाची हे कुणाला सांगता येत नाही. पहिल्या वर्षी दोन पालक भांडायला आले. त्यांना मी मुलाची पेटी परत दिली आणि ती घरी ठेवा म्हटलं. दिवाळीपर्यंत दोन्ही मुलं स्वतःहून डब्यांवर आली. कारण सोपं आहे, डब्यात तीन-तीन कंपन्यांचे सात-आठ हिरवे असतात, पेटीत दोनच.

शिवाय आपल्या पायाखाली काय आहे तेही बघा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी बहुतेक काम गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि हिरव्या दगडाची पूड यांवर भागवलं. निळा तेवढा दूरदेशाहून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. तुमच्या गावातल्या किराणा दुकानात गेरू मिळतो. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवायचा, गाळायचा, त्यात वस्त्रगाळ गेरू खलायचा, झाला रंग. चुन्याचा पांढरा आणि हळदीचा पिवळाही होतो, हळद मात्र उन्हात उडते. हे मुलांकडून करून घेतलंत तर तो एक पूर्ण तासाचा उद्योग होतो, आणि त्या दिवशी ‘काय काढू?’ कुणी विचारत नाही. हाताला रंग लागला की हात कागदाकडे जातोच.

आता तुमचा मुख्य प्रश्न: स्वातंत्र्य की शिकवणं. ही जोडी तुम्ही आमनेसामने का उभी केलीत हे मला समजतं, पण ती तशी नाही. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंमागे बहुधा ‘टीचिंग फॉर आर्टिस्टिक बिहेव्हिअर’ नावाची पद्धत असणार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७०च्या दशकात तिची मुळं रुजली. तिचा अभ्यासक्रम तीन वाक्यांत मावतो: कलाकार काय करतात, मूल हाच कलाकार, आणि वर्ग ही त्याची कार्यशाळा. व्हिडिओत दिसत नाही ती गोष्ट अशी की, तिथली शिक्षिका रोज तासाच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं काहीतरी नेमकं शिकवते आणि साहित्याचे कोपरे एकेक करून उघडते. मुलं मोकळी दिसतात ती त्या तयारीवर. (तिकडे वर्गात बेसिन असतं, आपल्याकडे हापशी असते, हा फरकही ध्यानात ठेवा. पण तो रडण्यासाठी नको.) आणि हे काही फक्त तिकडचं खूळ नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शाळेतल्या, मुलांना कला शिकवू लागले. सेवाग्राम आपल्याला काही लांब नाही.

माझा अनुभव असा की सहावीच्या मुलाला सगळं मोकळं दिलं तर ते बिचकतं आणि सगळं बांधून दिलं तर झोपतं. एक गोष्ट बांधायची आणि दुसरी सोडायची. रंग तीनच, विषय तुझा. नाही तर विषय ठरलेला आणि साहित्य तुझं. समजा येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, घेतलीत. तुमच्याकडचा सण, प्रत्येक मूल शेतात जाऊन आलेलं असतं. कुणी कडब्याची खोप बाहेरून काढील, कुणी खोपीत आडवं पडून वर दिसणारं आकाश काढील, कुणाला फक्त आंबिलाचा बिंदगा, म्हणजे आंबिलाचं भांडं, आणि त्याच्यावर बसलेल्या माश्या काढाव्या वाटतील, एखादी पूजेतले चुन्याने रंगवलेले पाच पांडव मातीचेच करील. विषय एक असूनही साठ चित्रं वेगळी. मी एकदा ‘माणूस काढायचा नाही, पण माणूस येऊन गेला हे कळलं पाहिजे’ एवढीच अट घातली होती. चपला, विझलेली बिडी, सायकलचा माग, अर्धवट ओढून सोडलेला पोहरा, काय काय निघालं. त्या तासाला मला खुर्चीत बसायला मिळालं.

अजिंठ्याला सहल नेलीत तर पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मुलांना पद्मपाणीच्या प्रसिद्ध भित्तिचित्राच्या आधी मान वर करायला सांगा. छताचे चौकोन पाडलेले आहेत. चौकट पक्की, आत मात्र फळं, फुलं, हत्ती, पक्षी. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची एक गोल रांग आहे. एकाची मान वळलेली, एक पंखात चोच घालतोय, कुणी मागे बघतोय. ‘इथे हंसांचा पट्टा’ एवढं बहुधा वरून ठरलं असेल. हंसाने काय करायचं, ते रंगवणाऱ्याने ठरवलं असावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

शिकवणं मधेच येतं, ते असं. मूल अडलं की. एक मुलगी माणूस रंगवताना ‘स्किन कलरची कांडी कुठाय?’ म्हणून डबे उचकत होती. ती गुलाबीसर कांडी असते ना, तीच. मी तिला म्हटलं, तुझा हात कागदावर ठेव आणि त्याचा रंग कालवून दाखव. तिने तपकिरी घेतला, पिवळा घासला, ते पिवळसर झालं, थोडा लाल, मग काळ्याचं एक टोक. दहा मिनिटं गेली. हाताशेजारी कागद धरून म्हणाली, ‘सर, तळहाताचा येगळाच आहे.’ हा रंगमिश्रणाचा धडा मी फळ्यावर चक्र काढून वर्षानुवर्षं दिला होता आणि तो कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

आता एक चूक सांगतो, माझी. सातवीत एक मुलगी होती, मोकळ्या तासाला दर वेळी ठिपक्यांची रांगोळीच काढायची. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मला वाटलं ही टाळते आहे. मी दोनदा सांगितलं, ‘अगं, आता दुसरं काही काढ.’ तिने मान हलवली आणि पुढच्या तासाला पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदा बोलणार, तेवढ्यात वही हातात घेतली. प्रत्येक पानावर ठिपके मांडायची पद्धत बदललेली होती. कुठे सरळ ठिपके, कुठे सात ते चार मधले ठिपके, आणि खाली खोडून खोडून कागदाची साल निघालेली. म्हणाली, ‘सर, सरळ मांडले की फूल चार पाकळ्यांचं येतंय, मधले मांडले की सहाचं. पाचचं काही केल्या येईना झालंय.’ मला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला गणिताच्या सरांकडे नेलं. ते पाऊण तास तिच्याबरोबर बसले आणि शेवटी त्यांनी सांगितलं की असल्या एकसारख्या जाळीत पाचाचं फूल बसतच नाही, तुझी चूक नाही. तीन महिने ती पोरगी एका खऱ्या प्रश्नाशी झुंजत होती आणि मी तिला विषय बदलायला सांगत होतो.

मग डोंगरवाली मुलं आणि ही, यांत फरक कसा ओळखायचा? मी खोडरबर बघतो. लपणारं मूल दहा मिनिटांत चित्र संपवून ‘झालं’ म्हणतं. शोधणारं मूल खोडतं, पान उलटतं, घंटा झाली की वैतागतं. ही खूण अगदी बिनचूक नाही, पण बरीच कामाला येते.

मोबाइलवरचं कार्टून घोटणाऱ्यांकडेही जरा मायेने बघा. नक्कल हा काही गुन्हा नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होते, ते नकलाच करायला. वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसून ती पोरं त्या रेषेमागे हात चालवत होती. नक्कल करणाऱ्याला एवढंच म्हणा: छान, आता हेच पात्र आपल्या गावच्या बाजारात आलं तर कुठे उभं राहील? एका मुलाने माझ्याकडे असलाच एक परदेशी वीर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा केला होता.

वेळेचं आणि पसाऱ्याचं आता थोडक्यात. मुख्याध्यापकांकडे पहिली मागणी करा ती दोन तासिका सलग देण्याची. पस्तीस मिनिटांत साठ मुलांनी साहित्य काढायचं, काम करायचं आणि आवरायचं, हे देवालाही जमणार नाही. कोपरे एकदम उघडू नका. पहिला महिना फक्त पेन्सिल-कोळसा आणि तेलखडू. मग चिकटकाम. पोळ्याच्या आसपास माती, कारण तेव्हा घरोघरी मातीचे बैल होतातच. नंतर भेंडी-बटाट्याचे ठसे. पाण्याचे रंग सगळ्यांत शेवटी, आणि तेही पाऊसपाणी बरं असेल तर संक्रांतीपर्यंतच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही मी रंगाच्या बशा कुलपात ठेवल्या होत्या. ज्या वर्गात प्यायला पाणी नाही तिथे ब्रश धुणं बरं दिसत नाही. आवरायला शेवटची आठ मिनिटं, घड्याळ लावून, आणि डब्यांची जबाबदारी दर आठवड्याला वेगळ्या मुलांवर. आम्ही त्यांना रंगमंत्री म्हणायचो. वर्गातली सगळ्यांत उनाड पोरं त्या पदासाठी भांडायची.

‘हा तास आहे का बाजार’ म्हणणाऱ्या सरांना तुम्ही मनात विरोधी बाकावर बसवलं आहे. मला तसं वाटत नाही. त्यांना आवाज आणि घाण खटकली, स्वातंत्र्य नव्हे. शेजारच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू असेल तर त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. आवरणं सुधारलं की निम्मी तक्रार मिटेल. उरलेल्या निम्मीसाठी २६ जानेवारीच्या प्रदर्शनात साठ एकसारखे झेंडे न लावता पंधराच चित्रं लावा आणि प्रत्येकाखाली मुलाच्या हातची एक ओळ, त्याच्याच भाषेत. सर चित्रं बघतील-न बघतील, ओळी वाचतील. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींनाही याच ओळी उपयोगी पडतात. ‘चित्र सुबक काढतो’ हे साठ वेळा लिहिण्यापेक्षा ‘मातीचा बैल तीनदा मोडला, चौथ्यांदा पाय जाड केले’ हे लिहायला सोपं आणि खरं.

एक जरा टोचणारं विचारू? व्हिडिओतल्यासारखी सुंदर, वेगवेगळी चित्रं तुमच्या वर्गातून निघावीत, ही इच्छा मुलांची आहे की तुमची? मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर द्यायला बरीच वर्षं लागली. मोकळ्या तासातली बहुतेक चित्रं फळ्यावरच्या नकलेपेक्षा वाईटच दिसतात. पहिलं वर्षभर दिसतील. तेवढं सोसायची तयारी हवी.

ग्रेड परीक्षेचं पालकांना सरळ सांगा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांचे नियम आहेत, वेळ आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, ते कुणाला नको आहेत? बसणाऱ्या मुलांचा सराव वेगळा घ्या, शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर, आणि तिथे बिनधास्त ‘असंच काढ’ म्हणा. कबड्डीला नियम असतात म्हणून मुलं मधल्या सुटीत नुसती पळायची थांबत नाहीत. फक्त एक करा: स्मरणचित्रासाठी चार माणसं पाठ करून घ्यायची आणि विषय बाजार असो, लग्न असो की बसस्थानक, तीच चार माणसं उभी करायची, ही सगळीकडे चालणारी युक्ती तुम्ही शिकवू नका. तिथे तुमच्या मोकळ्या तासाची मुलंच पुढे जातील, कारण त्यांनी बाजार खरोखर पाहून काढलेला असेल.

आणि हो, काही मुलांना मोकळीक नकोच असते. त्यांना फळ्यावरचं कमळ हवं असतं. एका कोपऱ्यात तेही ठेवा. घरात सतत निर्णयांचं ओझं असलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा कुणी ‘हे असं कर’ म्हटलेलं बरं वाटतं. ऊसतोडीला आई-बाप गेल्यावर धाकट्यांना सांभाळणारी थोरली पोर मी पाहिली आहे. ती दर तासाला नक्षीचं पुस्तक मागायची, आणि मी ते द्यायचो.

राहिला मागच्या बाकावरचा, पान काळं करणारा. तुम्ही लिहिलंत, ‘घरी काही बिनसलं असेल का?’ असेलही. पण काळा रंग म्हणजे दुःख, हे आपण कुठेतरी वाचून मनात घेतलेलं असतं. कदाचित त्याच्या वाट्याला काळीच कांडी उरली असेल. कदाचित त्याने नांगरलेलं रान काढलं असेल, तुमच्याकडची जमीन काळीच आहे. किंवा त्याला मेणाचा चकाकणारा थर नखाने खरवडायला आवडत असेल. शेजारी बसा आणि ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, त्याने तो आणखी गप्प होईल. ‘हे कसं केलंस?’ असं विचारा. तीन तासांत तो कागदाच्या कुठल्या भागावर जास्त दाबतो आणि कुठे हलकं सोडतो, तेही बघून ठेवा. इतर विषयांतही तो मिटलेला वाटला, जेवत नसला, खेळत नसला, तर वर्गशिक्षकांशी बोला. नुसत्या चित्रावरून घरापर्यंत जाऊ नका.

त्याला चांगला काळा द्या, असं मात्र नक्की म्हणेन. तुमच्या भागात तूर होते, म्हणजे तुराट्या फुकट. बोटाएवढ्या सरळ काड्या निवडायच्या, साल काढायची, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खच्चून भरायच्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचं आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवायचा. भोकातून आधी पांढरा, मग पिवळसर धूर येतो. धूर थांबला की डबा बाहेर काढून भोकावर ओली माती लिंपायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांचाही कोळसा होतो, पण तो कडक निघतो, कागद ओरखडतो. हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी लांबून बघायचं, आणि डबा रात्रभर तसाच ठेवायचा. गरम असताना उघडलात तर हवा लागून आतल्या काड्या पेट घेतात आणि सकाळी नुसती राख हाती येते. माझे पहिले दोन डबे तसेच गेले.